गवत रिजेक्ट

२७ जुलै २०२५, रविवार. सकाळपासून भुरभुर. दूध उशिरा आलं. मंगळवारी नागपंचमी, लाह्या आणायच्या आहेत. ताजूचा फोन. खुब्याचं ऑपरेशन नीट जुळून आलंय, दसऱ्यानंतर घराबाहेर पडायला डॉक्टरांची हरकत नाही. रविवारी ५ ऑक्टोबरला चहा माझ्याकडे, हिरवळीवर. तिला अनवाणी चालायचं आहे. संध्याकाळी ज्योतीराम भाऊजी खाली आले. गवत कापायचं मशीन घेणार म्हणाले. मी काही बोलायच्या आत वर गेले.

योगिनीताईंची रोजनिशी ही अशी. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लहानपणीच वळण लावलं होतं की आधी घडलं ते लिहायचं, आणि जागा उरली तरच आपलं मत. योगिनीताईंच्या पानांवर जागा सहसा उरत नसे. त्यामुळे गेल्या पन्नासएक वर्षांत त्यांचं मत फारसं कुणाला ठाऊक झालं नव्हतं, आणि घरच्यांचा समज असा की ते त्यांना नाहीच.

बंगला पिंपरीजवळच्या प्राधिकरणातला. खाली योगिनीताई, वर त्यांचे धाकटे दीर ज्योतीराम आणि जाऊ रुक्मिणीबाई. फाटकातून आत आलं की हिरवळ. हिरवळ म्हणजे फार काही नव्हे. दोन मोठ्या सतरंज्या शेजारी शेजारी अंथरल्या तर दिसेनाशी होईल एवढीच. पण त्या घरात योगिनीताईंनी कुणालाही न विचारता केलेली ती एकच गोष्ट होती. यजमान होते तोवर तिथे सिमेंटचा कोबा होता. गाडी लावायला बरं, चिखल नाही, किडामुंगी नाही, असं यजमानांचं म्हणणं; आणि घरात म्हणणं एकाचंच असे. त्यांचं वर्षश्राद्ध उरकलं आणि पुढच्याच आठवड्यात योगिनीताईंनी ब्रेकरवाला बोलावला. दिवसभर कोबा फुटत होता. ज्योतीराम गॅलरीत उभे राहून बघत होते. ‘वहिनी दुःखात आहेत, आत्ता काही बोलू नये,’ असं ते बायकोला म्हणाले. रुक्मिणीबाईंनी दुसऱ्या दिवशी खाली येऊन ते जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा दोघी जावा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मग माती आली, हरळी लावली गेली. दर पंधरवड्याला रावेतहून शालनबाई यायच्या, उकिडव्या बसून विळ्यानं गवत सारखं करायच्या आणि भारा बांधून म्हशीला घेऊन जायच्या. कुणालाच काही अडचण नव्हती.

अडचण नसणं, हीच ज्योतीरामांची अडचण होती.

ज्योतीराम मूळ कराडकडचे. आयटीआय करून पिंपरीत आले, एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये तपासनीस म्हणून चिकटले, आणि पुढे चाकणला एका मोठ्या कंपनीत मालतपासणीचे प्रमुख होऊन निवृत्त झाले. बाहेरून येणारा प्रत्येक सुटा भाग त्यांच्या टेबलावरून आत जायचा, किंवा जायचा नाही. ट्रकच्या ट्रक परत पाठवणारा माणूस म्हणून एमआयडीसीत त्यांचा दरारा. दिवाळीला पुरवठादार मिठाईचे खोके आणत, आणि ज्योतीराम ते न उघडता परत करत. ह्यात प्रामाणिकपणा होताच. शिवाय बऱ्याच खोक्यांवर तारीख तिरकी छापलेली असे. नोकरीच्या सबंध काळात ह्या माणसानं स्वतः काही बनवलं नव्हतं. दुसऱ्यांनी बनवलेलं नापास केलं होतं, आणि ते काम मात्र अव्वल केलं होतं.

निवृत्तीनंतर नापास करायला काही उरलं नाही. कुकर नापास करून झाले. मंडईत भेंडीवाली त्यांना लांबून बघितलं की टोपलीवर पोतं टाकायची. जावयाला नापास करून पाहिलं, पण तो माल परत जाण्यातला नव्हता.

“मला बघायला तीनदा आले होते,” रुक्मिणीबाई सांगायच्या. “तिसऱ्यांदा आमच्या आबांनी विचारलं, अहो, मुलगी पसंत आहे की नाही? तर म्हणे, मुलगी ठीक आहे, पण मागच्या दोन वेळांना पोहे निरनिराळे झाले होते. एकदा खात्री करून घेतो.”

“मग?” योगिनीताईंना गोष्ट पाठ होती, तरी त्या विचारायच्या.

“मग काय. तिसऱ्यांदा पोहे आईनं केले, आणि मी पास झाले.”

असा माणूस, आणि त्याला कुठल्याशा व्हिडिओत दिसलं एक मैदान. गडद पट्टा, फिका पट्टा, पुन्हा गडद, पुन्हा फिका. कंपनीत परदेशी साहेब यायचे तेव्हा अतिथिगृहापुढे असेच पट्टे असत, आणि ज्योतीरामांना त्यावरून चालायची मुभा नव्हती. ते पट्टे त्यांच्या मनात कितीतरी वर्षं पडून असावेत. नागपंचमीच्या सकाळी ते पुन्हा खाली आले. योगिनीताई लाह्या निवडत होत्या.

“वहिनी, मशीनच्या दोन जाती. एक रोटरी. पंख्यासारखं पातं फिरतं आणि गवताला झोडपून काढतं. टोकं फाटतात, पिवळी पडतात. ते आपलं काम नव्हे.”

“बरं.”

“दुसरं रीलचं. रुळावर पिळदार पाती असतात, खाली एक स्थिर पातं. दोन्हींच्या मधे गवत सापडतं, कात्रीत सापडावं तसं. सफाईदार कट. मागचा रोलर गवत एका अंगावर झोपवतो, म्हणून तर ते पट्टे दिसतात.”

“आपल्याला पट्टे कशाला हवेत, भाऊजी?”

“तोटा एकच. उंच गवत ह्याला चालत नाही. उंच गवत नुसतं आडवं होतं, कापलं जात नाही. जमीन सपाट हवी, गवत आखूड हवं आणि कापणी वरचेवर हवी. थोडक्यात, शिस्तीच्या माणसाचं मशीन.”

पट्ट्यांबद्दलचा प्रश्न तसाच राहिला. पण उंच गवताचं वाक्य योगिनीताईंनी आणि जिन्यात उभ्या रुक्मिणीबाईंनी, दोघींनीही ऐकलं. हे ज्योतीराम स्वतःच्या तोंडानं बोलले होते, हे इथे सांगून ठेवायला हवं.

पुढच्या आठवड्यात ज्योतीराम मशीन बघायला पिंपरीला गेले. योगिनीताई मुद्दाम बरोबर गेल्या. गवत त्यांचं होतं. कामरानचं दुकान बाजारातल्या गल्लीत. फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी, पाइपांची वेटोळी, आणि त्या सगळ्यांतून कशीबशी वाट काढत बसलेला हसरा, गोलमटोल कामरान. वडिलांपासूनचं दुकान, आणि गिऱ्हाईक उंबरठ्यावर असतानाच ओळखायचं कसब.

“सर, सगळी पब्लिक रोटरी नेते. रील मागणारे तुम्ही पहिले,” तो म्हणाला.

बस. ज्योतीरामांची मान तिथल्या तिथे ताठ झाली.

“आंटी, लॉन केवढं आहे?”

योगिनीताईंनी हातांनी दाखवलं. कामराननं एकदा त्यांच्या हातांकडे बघितलं, एकदा ज्योतीरामांच्या चेहऱ्याकडे, आणि ओठांवर आलेलं काहीतरी गिळून टाकलं.

“काय म्हणत होतात?” योगिनीताईंनी विचारलं.

“काही नाही, आंटी. लॉन हे लॉन असतं.”

मग तपासणी सुरू झाली. बिनमोटारीचं, हातानं ढकलायचं साधं रील ज्योतीरामांनी उचलूनसुद्धा बघितलं नाही. उरली तीन: पेट्रोलचं, वायरचं आणि बॅटरीचं. ज्योतीरामांनी खिशातून वर्तमानपत्राच्या कापलेल्या पट्ट्या काढल्या. पट्टी दोन पात्यांच्या मधे धरायची, रील हातानं हळूच फिरवायचं. कागद सफाईनं कापला गेला तर जुळणी बरोबर. पेट्रोलच्या मशीननं एका टोकाला कागद कापला, दुसऱ्या टोकाला चुरगळला.

“रिजेक्ट.”

“सर, स्क्रू आहे ना. अर्धा आटा फिरवला की झालं.”

“फिरवलेला नव्हता ना?”

“नव्हता.”

“मग रिजेक्ट.” हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते योगिनीताईंनी निवृत्तीच्या समारंभानंतर पहिल्यांदाच पाहिलं. हिरवळ जरा विसरून त्यांना माणसाचं बरं वाटलं. ही त्यांची चूक झाली.

कारण परत येताना रिक्षात ज्योतीरामांनी निर्णय सांगितला. तिन्ही मशीनं घरी मागवायची. पेट्रोलवाल्यालाही स्क्रू फिरवून आणखी एक संधी. तिघांची एकाच दिवशी, एकाच हिरवळीवर, एकाच उंचीच्या गवतावर ट्रायल घ्यायची. आणि ट्रायल होईपर्यंत गवताला कुणी हात लावायचा नाही.

“का बरं?”

“वहिनी, सॅम्पल आहे ते. मधेच एका कोपऱ्यात विळा फिरला तर तुलना कशी करणार?”

दुसऱ्या दिवशी हिरवळीभोवती चार काठ्या रोवल्या गेल्या. त्यांना लाल पट्टी, आणि पट्टीवर कंपनीतून जपून आणलेली लाल चिठ्ठी: ‘होल्ड’. चाकणला ज्या मालावर ही चिठ्ठी लागते त्याला मालकसुद्धा शिवत नाही. आत चुन्याच्या रेघा मारून तीन भाग पाडले.

शनिवारी शालनबाई विळा घेऊन आल्या आणि फाटकातच थबकल्या.

“काय वो बाई, पट्टी कशाची? कुनी गेलं का काय?”

“नाही हो. मशीन यायचंय. तोवर गवताला हात लावायचा नाही, असं साहेब म्हणतात.”

“हात लावायचा न्हाई? गवत हाय का द्येव?”

“शालनबाई!” वरून गॅलरीतून आवाज आला. “ते सॅम्पल आहे!”

“आसंल, सायेब. माजी म्हस सॅम्पलबी खाती.”

पण म्हशीला त्या दिवशी काही मिळालं नाही. शालनबाई रित्या हातानं गेल्या, आणि जाताना “बोलवाल तवा येते” म्हणाल्या ते योगिनीताईंकडे बघून. योगिनीताईंना पट्टी तोडता आली असती. एक काठी उपटायची, एवढंच. पण चहाला अजून वेळ होता, आणि वाद घालायची सवय नसलेल्या माणसाला वेळ आहे असं नेहमीच वाटतं.

ऑगस्टभर पाऊस. ओल्या गवतावरची ट्रायल ग्राह्य धरता येत नाही, असं ज्योतीरामांचं म्हणणं. एकदा दोन दिवस ऊन पडलं, तर कामरान फोनवर म्हणाला, “सर, गणपतीचे दिवस आहेत, मंडळांना जनरेटर देतोय, माणूस नाही.” गणपती झाल्यावर एकटं पेट्रोलचं मशीन येऊन दाराशी उभं राहिलं. उरलेली दोन नाहीत म्हटल्यावर तुलना होणार नाही; ज्योतीरामांनी ते टेम्पोतून उतरूसुद्धा दिलं नाही. टेम्पोवाला जाताना गवताकडे बघत म्हणाला, “काका, विकता का? कडब्यापेक्षा बरंय.”

गवत आपलं काम करत होतं. चुन्याच्या रेघा कधीच बुडाल्या. मग लाल चिठ्ठी बुडाली. महापालिकेची डासांची औषधफवारणी करणारी माणसं आली आणि फाटकाबाहेरूनच विचारती झाली, “आजी, हे घर बंद असतं का?”

“मी राहते इथं.”

“हो का?” एकानं वहीत काहीतरी खोडलं.

रुक्मिणीबाई गॅलरीतून ओरडल्या, “ताई, ह्यांची बनियन वाऱ्यानं खाली पडलीय, बघा हो दिसते का!” योगिनीताईंनी बघितलं. दिसली नाही. “राहू द्या मग, सॅम्पलमध्ये गेली.”

ताजूचा फोन दर रविवारी. ताजू म्हणजे ताजुन्निसा, शाळेत एका बाकावरची. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये फेब्रुवारीपासून अडकलेली. वॉकर घेऊन बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत. फिजिओथेरपीवाली मुलगी तिला रोज लहान मुलासारखी शाबासकी देते, ह्याचा तिला सगळ्यात जास्त राग.

“योगी, हिरवळ कशी आहे?”

“वाढतेय.”

“वा! मी नवी चप्पल घेतलीय. काढून ठेवायला.”

फोन ठेवून योगिनीताई खिडकीशी गेल्या. हरळीला तुरे आले होते. त्या जिना चढून वर गेल्या. ही गोष्ट त्या सहसा करत नसत.

“भाऊजी, पाच ऑक्टोबरला माझ्या मैत्रिणी येणार आहेत. एक वॉकरवर आहे.”

“वहिनी, पाच तारीख मला डिलिव्हरी डेटच समजा. आपल्या हाताखाली लाइन कधी थांबली नाही.”

“थांबली नाही कशी?” रुक्मिणीबाई आतून म्हणाल्या. “त्या दिवाळीला बोल्टांचा रंग आवडला नाही म्हणून सगळी कंपनी दोन दिवस बसली होती.”

“तो रंगाचा प्रश्न नव्हता, कोटिंगचा होता!”

डिलिव्हरी डेटचा धाक मात्र खरा ठरला. ज्योतीरामांनी ट्रायल रद्द करून कागदावरच निवड केली. पेट्रोलचा धूर गॅलरीत येणार. वायरचं मशीन स्वतःचीच वायर कापू शकतं. म्हणजे बॅटरीचं. दोन महिने सॅम्पल जपलं ते ज्या तुलनेसाठी, ती झालीच नाही, हे त्यांना कुणी बोललं नाही. रुक्मिणीबाई बोलणार होत्या, पण त्यांच्या तोंडात तेव्हा सुपारी होती.

मशीन आलं ते नेमकं खंडेनवमीला. दिसायला देखणं, हिरवं अंग, काळी मूठ, पोटात चकचकीत पिळदार पाती. आता ह्या कारखान्यांच्या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पाचशे टनांच्या प्रेसपासून रिक्षापर्यंत सगळ्यांना झेंडूची माळ. ज्योतीरामांनी मशीन दिवाणखान्यात पाटावर ठेवलं, शेजारी मिक्सर, इस्त्री, स्कूटरची किल्ली आणि स्वतःचा मोजमापाचा जुना व्हर्नियर. हळदकुंकू, नारळ, आरती.

“आता चालवायचं?” योगिनीताईंनी विचारलं.

“वहिनी!” ज्योतीराम दुखावले. “पूजेला बसवलेलं यंत्र आज हलवायचं नाही. आज त्याची विश्रांती.”

“उद्या?”

“उद्या दसरा. सीमोल्लंघन. उद्या फक्त फाटकापर्यंत नेऊन आणू.”

तसं ते फाटकापर्यंत जाऊन आलं, माळेसकट. शुक्रवारी सकाळी कामरानला बोलावून उद्घाटन झालं. रुक्मिणीबाई खुर्ची घेऊन बसल्या. लाल पट्टी सोडून ज्योतीरामांनी नीट गुंडाळून खिशात ठेवली, बॅटरी बसवली, बटण दाबलं. मशीन मधमाशीसारखं गुणगुणलं, आणि ज्योतीराम मैदानावर उतरणाऱ्या कप्तानाच्या चालीनं पुढे निघाले.

गवत आडवं झालं. अगदी नम्रपणे, मशीन पुढे येईल तसं ओळीनं आडवं. मशीन पुढे गेलं आणि मागे गवत हळूहळू उठून उभं राहिलं, मंत्र्याची गाडी गेल्यावर रस्त्याकडेची वाकलेली माणसं ताठ होतात तसं. कापलं असेल-नसेल एवढं पात्यांत अडकलं. गुणगुण चढली, रडका आवाज झाला, आणि मशीन थांबलं.

मशीनच्या पात्यांतून पांढरं काहीतरी लोंबत होतं. रुक्मिणीबाई उठल्या, वाकल्या, आणि ओढून बाहेर काढलं.

“बनियन सापडली,” त्या म्हणाल्या.

कामरान खोकला. “सर, एक बोलू का? रील आहे. गवत थोडं आखूड पाहिजे होतं.”

“ते मला माहीत आहे.”

“नागपंचमीला तुम्हीच तर सांगत होतात,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “उंच गवत नुसतं आडवं होतं म्हणून. मी जिन्यात होते.”

दुसरा कुणी असता तर इथे ओशाळला असता. ज्योतीराम ओशाळले नाहीत. त्यांनी गुडघ्यावर बसून पात्यांत वर्तमानपत्राची पट्टी घातली. सफाईनं कापली गेली. दुसऱ्या टोकाला घातली. तिथेही कापली गेली. ते उठले, गुडघे झटकले आणि त्या गवताकडे त्यांनी जसं बघितलं, तसं आयुष्यभर ते पुरवठादारांकडे बघत आले असणार.

“मशीन ओके आहे,” ते म्हणाले. “गवत रिजेक्ट.”

“म्हणजे?” योगिनीताईंनी विचारलं.

“गवत स्पेकच्या बाहेर आहे. मुळात जमीनच लेव्हलला नाही, तिकडे दीड इंचाचा उतार आहे. अशा बेसवर काहीच धड होणार नाही. वहिनी, मी काय म्हणतो, हे सगळं काढून टाकू. पेव्हर ब्लॉक टाकू. हल्ली छान रंगीत मिळतात. तुमच्या मैत्रिणींनाही चालायला सोपं. दादांचंही तेच म्हणणं होतं की नाही?”

योगिनीताईंनी गवताकडे बघितलं. कोबा फोडला त्या दिवशी ब्रेकरच्या आवाजानं घरातली भांडी थरथरत होती, आणि त्या मुद्दाम दार उघडं ठेवून बसल्या होत्या. चार वर्षं हे गवत आपलं आहे असं त्या धरून चालल्या होत्या. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, आणि आवाज चढवला नाही; चढवायची सवयच नव्हती. “ही जागा माझी आहे.”

“घर सगळ्यांचंच आहे, वहिनी.”

“घर सगळ्यांचं. ही जागा माझी. दादांनी कोबा केला तो त्यांना हवा होता म्हणून. मी फोडला तो मला नको होता म्हणून. पेव्हर तुम्हाला हवे असतील तर वर गच्चीत टाका. तिथे लेव्हल मी बघायला येणार नाही.”

कामराननं एकदम घड्याळ बघितलं आणि कुठेतरी पोहोचायचं असल्याचं त्याला आठवलं. रुक्मिणीबाई म्हणाल्या, “अहो, चला वर. पोहे करते.”

“आत्ता पोहे?”

“चला म्हणते ना.”

योगिनीताई आत गेल्या आणि शालनबाईंना फोन लावला.

“आज गावात लगीन हाय बाई. उद्या येते. लई वाढलंय काय?”

“तुमच्याच उंचीचं झालंय.”

“मंग दोगी येतो.”

शनिवारी शालनबाई आणि त्यांची नणंद दिवसभर खपल्या. गवताचे एवढे भारे निघाले की न्यायला छोटा हत्ती टेम्पो बोलवावा लागला. म्हशीची दिवाळी झाली. हिरवळ मात्र हिरवी राहिली नाही. उंच गवताच्या बुडाशी ऊन गेलेलं नसतं. ते कापलं की खाली निघतो नुसता पिवळा खुंट. संध्याकाळी योगिनीताई पायरीवर उभ्या राहिल्या, तर समोर एखाद्या आजारातून उठलेल्या माणसाचं डोकं असावं तशी जमीन. त्यांनी दोन सतरंज्या काढल्या, आणि मग परत आत ठेवल्या.

रविवारी शाळेतल्या तिघी मैत्रिणी आल्या. ताजू मुलाच्या गाडीतून उतरली, वॉकर टेकला, आणि फाटकातूनच म्हणाली, “योगी, ही तुझी हिरवळ? ही तर पिवळी आहे.”

“काल कापली.”

“न्हाव्याकडून?”

“मोठी गोष्ट आहे. आधी चहा घे.”

“चहा मरू दे.” ताजूनं नवी चप्पल काढली, एक पाय खाली ठेवला आणि चेहरा वाकडा केला. “टोचतंय गं!”

“मग घाल चप्पल.”

“मुळीच नाही. फेब्रुवारीपासून पायाखाली नुसती गुळगुळीत फरशी आहे. टोचू दे.” आणि ती निघाली, वॉकर पुढे, पाय मागे, दर पावलाला एक शिवी. शिव्या सिस्टरांच्या शाळेत शिकवलेल्या नव्हत्या, पण शिकल्या तिथेच होत्या. भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. बाकीच्या दोघींनी टाळ्या वाजवल्यावर तिनं त्यांनाही एक हासडली.

चहा अर्ध्यावर आला असताना जिन्यात चाकांचा आवाज झाला. ज्योतीराम मशीन घेऊन उतरत होते. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. वरून सकाळपासून त्यांनी मोजमाप घेतलेलं असणार, कारण त्यांच्या चेहऱ्यावर ते तेज परत आलं होतं.

“वहिनी, गवत स्पेकमध्ये आलंय. आता पट्टे पडतील. पाच मिनिटांचं काम. ह्यांनी जरा पाय वर घेतले तर—”

तिघी म्हाताऱ्यांनी योगिनीताईंकडे बघितलं. कुणीही पाय वर घेतला नाही.

“आज नाही, भाऊजी.”

“मशीन तयार आहे.”

“असू दे. बुधवारी चालवा. मी समोर बसेन. आणि कडेचं गवत शालनबाईच काढतील, तुमचं मशीन भिंतीपर्यंत पोहोचत नाही.”

हे खरं होतं. ज्योतीरामांनी मशीनच्या कडेकडे बघितलं आणि नाइलाजानं मान हलवली. “चार इंच राहतात.”

“ते शालनबाईंचे. बॅटरी द्या इकडे.”

“बॅटरी? कशाला?”

“चार्ज मी करीन. लागेल तेव्हा मागा.”

चाकणच्या फाटकावर वर्षानुवर्षं लोक ज्योतीरामांची सही मागायला रांगेत उभे असत. त्यांनी बॅटरी काढली, दोन्ही हातांनी, आणि दिली. मग काय करावं ते न सुचून उभे राहिले. ताजूनं एक खुर्ची पायानं त्यांच्याकडे सरकवली, खुब्याची पर्वा न करता.

“बसा हो. आणि हे मशीन काय आहे ते सांगा. ही म्हणते मोठी गोष्ट आहे.”

“जाती दोन,” ज्योतीराम बसता बसता म्हणाले. “एक रोटरी.”

वरच्या गॅलरीतून रुक्मिणीबाईंचा आवाज आला, “ताई, नानखटाई त्यांच्यासमोर ठेवू नका! एकेक मोजून बघतील!”

५ ऑक्टोबर २०२५, रविवार. ऊन. चहाला तिघी. सँडविच पुरले, नानखटाई उरली ती डब्यात भरली. ताजू एक पूर्ण फेरी चालली, पाय धुवायला कोमट पाणी दिलं. भाऊजी दोन कप प्यायले. शालनबाईंना पुढच्या शनिवारी बोलावलं आहे. मशीनची बॅटरी माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात, चादरींशेजारी ठेवली.